फिल्टरच्या वरचा फळा

अंबडच्या ज्या नर्सिंग कॉलेजात मी झाडू-पाणी करते, तिथं ॲडमिशनच्या दिवसांत किस्से इतके साचतात, की सांगायला वेळ पुरत नाही. ऑफिसात विचारायला माणसं दबकतात आणि पाण्याच्या फिल्टरपाशी आली की मोकळी होतात. फिल्टरपाशी मी असते आणि माझी तीन वर्षांची परी पायात घुटमळत असते. मी सातवी शिकलेली. मला भीती लवकर वाटते. यंदा जास्तच, कारण नणंद कविता बारावी झाली आणि सासूबाईंच्या मनात हेच कॉलेज आहे. जवळ आहे आणि वहिनी डोळ्यासमोर आहे म्हणून.

*

वरून आदेश आला, की कॉलेजची माहिती सगळ्यांना दिसेल अशी लावा. शिक्षक कोण, निकाल काय, होस्टेल कसं. आमचे क्लार्क गोरे सर. त्यांनी काळा फळा आणला, मथळे रंगवून घेतले आणि खालचं दरवर्षी बदलतं म्हणून खडूनं लिहिलं. लावला मात्र फिल्टरच्या वर, पार छताजवळ! पिंपळगाव रेणुकाईचे एक आजोबा नातीला घेऊन आल्ते. मान वर करून करून थकले आणि म्हणाले, "सर, हे आमच्यासाठी लावलं का पालीसाठी?"

फळा खाली आला. आजोबांना तो मीच वाचून दाखवला. तेव्हापासून रोज कुणाला ना कुणाला वाचून दाखवते. त्यामुळं तो मला पाठ आहे.

*

शिक्षकांच्या यादीत तिसरं नाव एका मॅडमचं. त्या मागच्या दिवाळीतच नोकरी सोडून गेल्या. कुंभार पिंपळगावची एक आई अडून बसली, माझी पोरगी ज्यांच्या हाताखाली शिकणार त्या मॅडमला बघायचंय. सर म्हणाले, त्या रजेवर आहेत. बाई बाकावर बसली. दुपारी भाकरीचं गाठोडं सोडलं, परीलाही दोन घास भरवले. संध्याकाळी गेली आणि सकाळी पहिल्या एसटीनं परत हजर.

तिसऱ्या दिवशी सर मागच्या दारानं ऑफिसात शिरले. बाई खिडकीतून म्हणाली, "मॅडम तर न्हाईतच सर, आता तुम्ही पण रजेवर जाऊन राह्यले का?"

तिनं पोरीचं नाव घातलं नाही. मी मनात म्हणलं, हिला तरी कळलं.

*

होस्टेलपुढं लिहिलंय, 'सर्व सोयी'. एका मुलीनं पाणी पिता पिता हळूच विचारलं, ताई, बाथरूमला आतून कडी आहे का? मी खरं सांगून बसले, की दोनला नाही. मागं प्राचार्य मॅडम उभ्या! त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. परीला कडेवर घेऊन गेले, म्हणलं लेकरू बघून तरी कमी रागावतील. मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, "कोणत्या दोन?"

दुसऱ्या दिवशी कड्या बसल्या.

*

मंग माझा नंबर लागला. परीनं खडू घेऊन फळ्याच्या खालच्या ओळीवर रेघोट्या मारल्या. कुणी बघायच्या आत मी ओल्या फडक्यानं पुसल्या. रेघोट्या गेल्या आणि त्यांच्याखालचा निकालही गेला. सर आले. त्यांनी आकडा विचारला. मला पाठच होता, चाळीस बसल्या आणि तेवीस पास.

सरांनी खडू उचलला. गेटातून पालक येऊन राह्यले होते, तिकडं एकदा बघितलं आणि लिहिलं, तेहेतीस. माझ्या एका फडक्यानं दहा पोरी पास! मी बघतच राहिले, तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, सीटा भरायच्या आहेत."

*

शनिवारी सासूबाई कविताला घेऊन आल्या. कवितानं फळा वाचला आणि हसली. "वहिनी, चाळीसात सातच नापास! मी काय त्या सातातली आहे का?" सासूबाईंनी फळ्याला हात जोडले. मी दोघींना पाणी दिलं. सोमवारी अकराला फॉर्म भरायचं ठरलं.

घरी खरं सांगितलं असतं तर सासूबाईंच्या तोंडून दुपारपर्यंत गल्लीभर झालं असतं आणि नोकरी गेली असती. न सांगावं तर कविताची शिक्षणाची तीन वर्षं पाण्यात. कविता मात्र पांढऱ्या ड्रेसचं कापड बघून आल्ती.

*

सोमवारी साडेनऊला बादली भरली. फरशी नंतर पुसू म्हणलं. आधी फळ्याची खालची ओळ पुसली, परीच्या मुठीतला खडूचा तुकडा सोडवला आणि लिहिलं, 'चाळीस बसल्या, तेवीस पास.' सातवीनंतर पहिल्यांदाच फळ्यावर लिहीत होते. अक्षर उताराला लागलं.

मागं डबा ठेवल्याचा आवाज झाला. गोरे सर.

दोन पालक पाणी पिता पिता थांबले होते. मी परीला कडेवर घेतलं. सरांनी ओळ वाचली, परत वाचली. मी म्हणणार होते, सर, अकराला माझी नणंद येऊन राह्यली.

त्याआधीच सरांनी बोट वर नेलं आणि शिक्षकांच्या यादीतल्या तिसऱ्या नावावर ठेवलं.

"ताई, फडका ओला आहे ना अजून? मंग हे पण पुसा."