पिवळी नवरी

आमच्या घरात दर चैत्रात एक तक्रार नेमाने व्हायची. चैत्रगौरीच्या आराशीत मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी केलेलं मातीचं वऱ्हाड मांडलेलं असायचं. हळदीकुंकवाच्या बायका जमल्या, कैरीची डाळ आणि पन्हं हातात आलं, की मामंजी ओटीवरून म्हणायचे, "नवरी मूळची पिवळी होती बरं का. हिने कुंकू सांडलं." बायका हसायच्या. सासूबाईही हसायच्या आणि वाट्या भरत राहायच्या. लग्न होऊन रेवदंड्याला आल्यापासून मी हे ऐकत होते आणि दर वर्षी माझं डोकं फिरायचं. नव्याने घरात आलेल्या एवढ्याशा मुलीच्या हातून कधीकाळी कुंकू सांडलं असेल, तर सांडलं. माणसाने ते किती वर्षं उगाळायचं?

वऱ्हाड मात्र देखणं होतं. बोटाएवढी माणसं: मुंडावळ्या बांधलेला नवरा, खाली बघणारी नवरी, दोन करवल्या, पोट सुटलेले भटजी, गाल फुगवून सनई वाजवणारा. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात मामंजींनी ते खास बायकोसाठी केलं होतं. मी पाहिलं तोवर रंग पार उडाले होते. नवरीच्या निऱ्यांच्या खाचेत तेवढा विटकरी डाग राहिला होता. "हाच तो कुंकवाचा पुरावा," असं मामंजी म्हणायचे.

त्या वर्षी सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला माझ्या नणंदेकडे गेल्या. कित्येक वर्षं त्यांना माणसं आवाजावरूनच ओळखावी लागत होती. त्या गेल्यावर मामंजी घरभर नुसते फिरत राहिले. मग एका सकाळी वऱ्हाडाची पेटी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सूनबाई, ती येईल तेव्हा तिला हे दिसलं पाहिजे. पहिल्या वर्षी होतं तसं. आणि नवरी पिवळी. यंदा तरी तिला मूळची नवरी बघू दे."

त्यांचा हात कापायचा, म्हणून ब्रश माझ्या हाती आणि हुकूम त्यांचे.

मी आधी बाजारातून होड्यांना लावतात तो तेलरंग आणला. भटजींच्या उपरण्याला एक हात दिला, तर भटजी समुद्रात बुडी मारून आल्यासारखे दिसायला लागले. "गलबत रंगवतेस का?" मामंजी म्हणाले. रॉकेलने ते उपरणं पुसण्यात माझी दुपार गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने अलिबागला गेलो. दुकानात मामंजी गेरू बोटांत चुरडून बघत, उजेडात नेत, नाक मुरडत, पुन्हा मागत. गेरू घेतला, नीळ घेतली. पिवळ्यासाठी दुकानदाराने पेवडी काढली. सुंदर रंग होता, मी पुडी बांधायलाच सांगितली होती. मामंजींनी ती परत केली. "तेव्हा घरची हळद लावली होती. आताही हळदच."

काळा रंग समईच्या काजळीचा. पांढरा खाडीकाठच्या भट्टीतल्या शिंपल्यांच्या चुन्याचा, फडक्यातून गाळलेला. जुने रंग खरवडून सगळ्या वऱ्हाडाला, पहिल्या वर्षी दिला होता तसाच, आधी तो चुना दिला आणि वर एकेक रंग चढवत गेले. ते दिवस मला फार आवडले. मामंजी शेजारी पाटावर बसून माणसांची ओळख करून देत. भटजी म्हणजे त्यांचे काका. सनईवाल्याची तेव्हा दाढ सुजली होती, म्हणून एक गाल मोठा. "तो बारीक करू नकोस," असं त्यांनी मला बजावलं.

सासूबाई यायच्या त्या दिवशी फक्त नवरी राहिली होती. डिंकाच्या पाण्यात हळद कालवून मी तिला नेसवली. सोनचाफ्यासारखी दिसली. "अगदी अशीच होती," मामंजी म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी माझ्याकडून कुंकवाचा करंडा वरच्या फळीवर ठेवून घेतला, खोलीला स्वतः कडी लावली आणि आम्ही जेवायला गेलो.

वामकुक्षी झाल्यावर त्यांनी कडी काढली. नवरी लाल झाली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी नाही," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुरगळलेल्या पायांना मी आजवर किती लेप लावले होते. हळदीत चुना पडला की लेप वाटीत लाल होतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? मामंजींना ते पटेना. मी तळहातावर चुना घेतला, चिमूटभर हळद आणि पाण्याचे थेंब टाकून त्यांच्या डोळ्यांपुढे कालवलं. ते माझ्या हातातल्या लालीकडे बघत राहिले आणि हळूच पाटावर बसले. मी मोठ्याने हसले. सुनेने हसू नये तेवढं हसले. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि गप्प झाले.

"वाण्याकडे पेवडी असेल," मी म्हणाले. "त्या यायच्या आत पिवळी करून टाकते. कुणाला कळणार नाही."

मामंजींनी नवरी उचलली, उजेडात धरली, परत जागेवर ठेवली. मग म्हणाले, "नको. राहू दे."

संध्याकाळी माझे यजमान सासूबाईंना घेऊन आले; रेवसपर्यंत लाँच, पुढे एसटी. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या सासूबाई पायांवर पाणी घेऊन थेट आराशीपाशी गेल्या. सनईवाल्याचा गाल बघून हसल्या. भटजींना ओळखलं. नवरीपाशी वाकून थांबल्या.

"यंदा कुणी सांडलं?"

"मी," मामंजी म्हणाले. "तेव्हाही मीच. चुन्यावर हळद लाल होते. तू काही सांडलं नव्हतंस."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, मलासुद्धा वाटायला लागलं होतं," त्या म्हणाल्या, "की असेल माझ्याच हातून सांडलं."

 मला रडूच आलं.

हळदीकुंकवाला बायका जमल्या. सगळ्यांच्या हाती डाळ आली तरी ओटीवरून नेहमीचं वाक्य येईना. तेव्हा सासूबाईंनीच आतून आवाज चढवला, "नवरी मूळची पिवळी होती बरं का. यांनी चुन्यावर हळद फासली." बायका हसल्या. ओटीवर मामंजी मान खाली घालून डाळ खात होते, पण त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. मी त्यांना आणखी एक वाटी नेऊन दिली.