काठी नसलेलं घरटं

माझ्या मामांना सगळे काठीमामा म्हणत, अगदी मामीसुद्धा. आमच्याकडची शेतं पक्ष्यांसाठी राखीव आहेत. गवत पिकवा, पण त्यात जमिनीवर अंडी घालणाऱ्या लांब चोचीच्या पक्ष्यांना धक्का लावू नका, असा नियम. कापणीचं मशीन यायच्या आधी मामा अख्खं शेत पायी पालथं घालायचे आणि प्रत्येक घरट्याशेजारी पांढरी चिंधी बांधलेली काठी रोवायचे. मशीनवाला तिला वळसा घालून जायचा. बावीस वर्षं हे चाललं. "नाकावरचा चष्मा सापडत नाही, अंडी बरी सापडतात," मामी म्हणायची.

तरी पक्षी कमीच होत गेले. खत, कुत्री, सरकार, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. मग मागच्या वर्षी एका सकाळी मामा बांधावर डबा खात बसले होते. एक कावळा काठीवर बसला, खाली उतरला, अंडी फोडली आणि सरळ पुढच्या काठीकडे उडाला.

मामांनी त्याच दिवशी सगळ्या काठ्या उपटून जाळल्या. दोन दिवस जेवले नाहीत. "अगं, मीच त्यांना पत्ते देत होतो," मला म्हणाले. खरंच होतं ते.

यंदा सगळ्या शेतांत मिळून एकच घरटं सापडलं. चार अंडी. मामांनी काठी रोवली नाही, जागाही कुणाला सांगितली नाही, मशीनवाल्यालासुद्धा नाही. कापणी गुरुवारी होती. स्वतःच मशीनपुढे चालायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बुधवारी मामीची दाढ काढायला आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. इकडे पावसाचा अंदाज आला आणि मशीनवाल्याने एक दिवस आधीच काम उरकलं. त्याने फोन केला होता, पण मामांचा फोन घरी राहिला होता.

आम्ही परतलो तेव्हा शेत सपाट झालं होतं. मामा गुडघ्यांवर बसून कापलेलं गवत हातांनी उलटत होते आणि पक्षीण त्यांच्या डोक्यावर ओरडत फिरत होती. मला रडू आवरेना.

मशीनवाला भला माणूस, तोही रडकुंडीला आला. "मामा, सुरू करायच्या आधी चारी बाजूंनी फिरून बघितलं मी. काठी नव्हती. काठी नाही म्हणजे घरटं नाही, हे तुम्हीच तर शिकवलंत."

मामा उठले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो," ते म्हणाले. "मीच शिकवलं."