कापऱ्या हाताची सुरी

सोमवारपासून झाडांच्या मोजणीसाठी मला एकटीने रानात फिरायचं आहे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ही नोकरी त्या पदवीवर मिळालेली. भीती वाटते म्हणून मी ती सोडणार नाही. आठवडी बाजारात लोहारीण मावशींच्या पथारीवर मिटणारे चाकू बाजूला सारून मी वीतभर पात्याची, न मिटणारी सुरी निवडली.

"कशाला पायजे गं पोरी?"

"फांद्या छाटायला, मावशी."

"फांदीला कोयता नेत्यात," त्या हसल्या. "डोळं मीट आन् म्यानातनं काढून दाव."

आखूड मूठ हातातून दोनदा निसटली. मावशींनी लांब मुठीची दुसरी सुरी जमिनीवर ठेवली. हातात दिली तर वैर येतं म्हणतात, म्हणून मीच ती उचलली.

"आता हात थरथरव. घाबरल्यावर निघाली पायजे ती."

इतका वेळ मी फक्त धार बघत होते. पदवीपर्यंतच्या सगळ्या परीक्षा स्थिर हाताने दिल्या. रानात वेळ आली, तर माझा हात कसा असेल, हे मनात आणायचंच मी टाळलं होतं.

डोळे मिटले. सुरी पहिल्याच ओढीला निघाली. हात मुद्दाम थरथरवावा लागला नाही.