साक्षीदार हजर होता

उदारीकरणाच्या पहिल्या वर्षांतला श्रावणातला एक रविवार, सुलतान बाजारातल्या आमच्या मराठी मंडळाची सभा. जबाबदार : अध्यक्ष. त्याच सभेत, काही क्षणांनी; जबाबदार : हसणारे सर्व सभासद. त्यानंतर लगेच जबाबदार ठरलेल्या तिसऱ्या इसमाचा उल्लेख मी माझ्या प्रत्येक निषेधपत्रातून वगळला आहे.

व्याख्यान माझ्या पत्नीचे होते. नारायणगुड्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवी. विषय होता, खोल समुद्रातून आवाज दूरवर कसा जातो. वरच्या उबदार पाण्यात आवाज वेगाने धावतो, खाली गारव्यात मंदावतो आणि आणखी खाली दाबामुळे पुन्हा वेग घेतो. तो सतत मंद थराकडे वळतो. म्हणून त्या मधल्या थरातच राहून, पृष्ठभागाला वा तळाला न लागता, हजारो किलोमीटर जातो. आदल्या दिवशी घरी तिने किंचित कललेल्या पत्र्याच्या पन्हाळीत गोटी सोडून हे मला दाखवले होते. गोटी एका काठाकडे चढे, मध्ये येई, दुसऱ्या काठाकडे चढे, आणि पुढे जातच राही. पन्हाळीचे दुसरे टोक मी धरले होते.

अध्यक्षांचा दिलसुखनगरला नवा कॉम्प्युटर क्लास निघाला होता. "बाई, तलावाच्या काठी टँक बंडवरून हाक मारतो," ते व्याख्यान मध्येच तोडत म्हणाले. "पलीकडून कुणी 'हौ' म्हणालं, की मानू!"

सभा हसली.

"तलाव उथळ आहे. खोल पाणी लागतं," पत्नी शांतपणे म्हणाली.

"आणि ह्यात नोकरी लागते का?" पुन्हा हशा. मग ते माझ्याकडे वळले. "काय वकीलसाहेब, कायद्यात बसतं का हे?"

तिनेही माझ्याकडे पाहिले. अध्यक्ष माझे अशील होते. क्लासच्या जागेचे करारपत्र माझ्याकडेच होते. मी म्हणालो, "साक्षीदार हजर करा, मग बघू."

सर्वांत मोठा हशा तो.

तिने कागद मिटले. परतताना ऑटोत मी निषेधपत्राचा मसुदा बोलून दाखवू लागलो.

"लिहा," ती म्हणाली. "पण साक्षीदार कोण होता, तेही लिहा."

तेवढे सोडून मी सर्व लिहिले. त्या व्यासपीठावर ती पुन्हा चढली नाही.

म्हणून ही जाहीर मागणी. मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत, तिला पहिल्या रांगेत बसवून, तत्कालीन अध्यक्षांनी आपल्या थट्टेचा खुलासा करावा. परंतु त्याआधी मला उभे करावे आणि विचारावे, पन्हाळीचे दुसरे टोक कोणी धरले होते. त्याचे उत्तर मी सर्वांसमक्ष, माईकवरून द्यावे.