सड्यावरची दीपकाडी

माझ्या माहेरच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या पठारावर, काळ्या कातळाच्या भेगेत दीपकाडी फुलली आहे. पांढरीशुभ्र फुलं आणि मुळाशी चिमूटभर माती. कोकणातले मोजके सडे सोडले तर ही जगात कुठेच सापडत नाही. खाली शेतात ढोपरभर चिखल आहे, पण ही बया तिकडे उतरत नाही. तिला कातळच हवा.

तिच्यासकट सगळ्या कातळाभोवती खाणीच्या हद्दीची लाल रेघ मारून माझा चुलतभाऊ उभा आहे. सडा चिरेखाणीला द्यायचाय, म्हणून माझी सही हवी आहे.

“ताई, इथे आहे काय? नुसता कातळ. काहीच नाही!”

आपल्या कामाचं नसलं की किती सहज म्हणतो आपण, काही नाही! लग्न झाल्यावर मलाही ऐकवलं होतं, आता तुझं इथे काही नाही. म्हणून माझी मुळं काय उपटली गेली?

कागद घेऊन तो माझ्याकडे येतो. फुलाजवळ पोचताच पाय आखडतो आणि बाजूने येतो.

“सही मिळायची नाही,” मी म्हणते. “आणि काहीच नाही म्हणतोस, तर वळसा कशाला घातलास रे?”