लाइन गेली तरी लीलाबाईंचं वाचन

चहात साखरेऐवजी मीठ पडलेलं मंजुषानं त्या आठवड्यात दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा सासूबाईंनी, लीलाबाईंनी, तोंड वाकडं न करता आपल्याच हातचा तो चहा संपवला. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. चुकीपेक्षा ती चूक गिळून टाकणं जास्त भीतीचं होतं.

कारधा गावच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचतात लीलाबाई. जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, केलेली ही बाई बावन्नाव्या वर्षी अक्षर शिकली, तेही नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून. रुचिता पाटीवर गिरवायची, आजी कोळशानं फरशीवर. पहिल्या वर्षी एका पानाला पाऊण तास लागला होता. एकही बाई उठून गेली नव्हती. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

आषाढ पौर्णिमेला बायका रोवण्याचा चिखल धुऊन, पांढऱ्या साड्या नेसून विहारात जमल्या. त्रिशरण-पंचशील झालं. बुद्धांनी पहिला उपदेश केला तो हा दिवस, म्हणून वाचन तिथूनच सुरू करायची इथली रीत. लीलाबाईंनी चष्मा लावला, ग्रंथ उघडला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

दुसऱ्या पानावर लाइन गेली. मूर्तीपुढच्या दोन मेणबत्त्या तेवढ्या उरल्या. लीलाबाई थांबल्या नाहीत. परिच्छेद संपला, पान उलटलं, पुढचं सुरू.

"लीलाबाईच्या डोळ्यात टॉर्च हाय का वं?" महिला मंडळाच्या अध्यक्ष शकुनबाई म्हणाल्या, तशा सगळ्या हसल्या.

मंजुषाला हसू आलं नाही. पाठ म्हणणाऱ्याला उजेड कशाला लागतो?

खीर वाटून घरी आल्यावर तिनं विचारलंच, "आई, तुमाले दिसत नाही न?"

"दिसते. तू भात जाळतेस, थे बी दिसते."

"थे वासानं समजते."

लीलाबाई हसल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "माघात शिबिर होतं न, तठी डॉक्टर बोलला. मोतीबिंदू हाय."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"भेव वाटलं. डोळाच गेला त? आन् थो म्हणे, आपरेशन झाल्यावर काही दिवस वाचाचं नाही."

"पुढचं किती पाठ हाय?"

"उद्याचं हाय."

"अन् परवाचं?"

लीलाबाई भिंतीवर हात ठेवत ठेवत खाटेपर्यंत गेल्या आणि बसल्या.

भंडाऱ्याचा डोळ्यांचा दवाखाना पुलापलीकडेच होता. अडचण दवाखान्याची नव्हतीच. वाचनाची खुर्ची एकदा सोडली की ती दुसरीची होते, ही लीलाबाईंची खरी धास्ती. त्यावर डॉक्टरकडे औषध नव्हतं. शकुनबाईंकडे होतं. मंजुषाच्या मनात आलं, बायकांनी पाळीपाळीनं वाचावं, लीलाबाईंनी शेजारी बसून ऐकावं, चुकलं तिथं टोकावं, आणि अश्विन पौर्णिमेच्या समारोपाला पुन्हा त्यांनीच वाचावं. हे शकुनबाईंनी भरसभेत सांगितलं, तर कोण मोडणार?

"शकुनले नोको सांगू," तिचा विचार ओळखल्यासारख्या लीलाबाई म्हणाल्या. "हसन थे."

"हसली त हसली. तुमचा डोळा बरा होतवरी बायका पाळीपाळीनं वाचतीन, समारोपाले तुमीच. तुमच्यामागून नाही सांगत. इथंच बसून फोन लावतो, तुमी आयका."

मंजुषानं मोबाइल उचलला. लीलाबाईंनी तोंड फिरवलं, पण नाही म्हटलं नाही. तिनं शकुनबाईंचा नंबर काढला, तेव्हा खाटेवरून आवाज आला, "तिले म्हण, घाई नोको करू वाचताना. मांगं बसलेल्याईले आयकू नाही येत."