गणपतीत बंद असलेली खोली

आमच्या चाळीतल्या काकीवर अन्याय झाला तो गणेशचतुर्थीच्या दिवशी, भर दुपारी, ती मुंबईत नसताना. करणारे कुणी गुंड नव्हते. गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र अडकवलेली, गोड बोलणारी मुलंमुली होती.

काकी म्हणजे आमच्या समोरच्या खोलीतली, गिरणी कामगाराची विधवा. एकटी. लग्न होऊन करी रोडच्या या चाळीत आली ती इथलीच झाली. फक्त गणपतीला मालवणकडे गावच्या घरी जाते. आमची अर्धी चाळ जाते. त्या दिवसांत गॅलरीभर कुलपं दिसतात. आम्हाला त्यात काही वेगळं वाटतच नाही, त्यामुळे ते कुणाला सांगायचं सुचतही नाही.

मुलं पहिल्यांदा आली ती जुलैमध्ये. ‘समाजाशी जोडलेलं शिक्षण’ असा त्यांचा विषय, त्याचे क्रेडिट मिळायचे. काकीने त्यांना घावणे करून घातले. एक मुलगा म्हणाला, “काकी, आम्ही इथेच राहायला येतो.”

“ये रे बाबा. पण भांडी घासूची लागतीत!”

सगळे खूप हसले. फोटो काढले. गिरणीच्या, संपाच्या गोष्टी रेकॉर्ड करून नेल्या.

मग आली दुसरी तुकडी. त्यांचं काम खोल्या मोजण्याचं. कॉलेजला सुट्टी, लालबागचे गणपतीही बघून होतील, म्हणून त्यांनी तेच दिवस धरले. काकीच्या दाराला कुलूप. लिहिलं, ‘बंद, वापरात नाही.’ शेजारी विचारलं नाही. पुन्हा येऊ म्हणाले, तोवर परीक्षा लागली. घावणे खाणारे वेगळे, खोली बंद लिहिणारे वेगळे, आणि दोघांचा अहवाल एकच. पहिल्या पानावर काकीचा हसरा फोटो. शेवटी नकाशा, त्यात तिची खोली करड्या रंगाची, म्हणजे बंद.

अहवाल विद्यापीठाने वेबसाइटवर टाकला. चाळीच्या पुनर्विकासाचं चाललंच होतं. जो खोलीत राहतो त्यालाच नव्या इमारतीत घर. बिल्डरच्या माणसाने पात्रतेच्या सुनावणीत तो नकाशा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, हे आम्ही नाही म्हणत. विद्यापीठ म्हणतंय.”

बाकी कुलूपवाल्यांकडे पोरांचे शाळेचे दाखले होते, नोकरीचे कागद होते. काकीचं लाइट बिलसुद्धा मेलेल्या नवऱ्याच्या नावावर. ती अपात्र ठरली.

मी तिला घेऊन त्या मुलांना पाठवणाऱ्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, “हे बघा, आमचा हेतू शैक्षणिक होता. आम्ही निष्कर्ष काढलेला नाही, निरीक्षण नोंदवलंय.”

“मग चुकीचं निरीक्षण होतं असं लेखी द्या.”

“तसं एकदम नाही करता येत. विभागाची समिती आहे. शिवाय ती बॅच पास होऊन गेली. पुढच्या वर्षीची मुलं परत येतील तुमच्याकडे, तेव्हा अपडेट करू.”

काकीने चहाचा कप बाजूला सारला. म्हणाली, “सायबानू, माझो फोटो तुमका गावलो. मग मी ऱ्हवतंय खय, ता कसा नाय गावला?”

त्यांनी मान हलवली. तिची मालवणी किती छान आहे म्हणाले. रेकॉर्ड करू का, असंही विचारलं. माझ्या हातात कप होता. फेकला नाही, याचा मला आजही राग येतो.

काकीचं अपील अजून पडून आहे. या वर्षी गणपतीला ती गावी गेली नाही. दार उघडं टाकून उंबऱ्यात बसून राहिली, कुणी मोजायला आलं तर दिसावी म्हणून. गावच्या घरातला गणपती भावकीने बसवला.

तुम्ही शिकवत असाल तर हे तुम्हालाच सांगतेय. तुमच्या मुलांनी ज्या चाळीत, ज्या वस्तीत जाऊन लिहिलंय, तिथे ते परत न्या. दारोदार वाचून दाखवा. लोक म्हणतील ते दुरुस्त करा, आणि दुरुस्त केल्याचं विद्यापीठाच्या सहीशिक्क्याने त्यांच्या हातात द्या. तोवर एकाही मुलाला पास करू नका.